गुंठाभर हरळी

मामांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "हे कसलं बी म्हणालास?"

"हरळीचं."

"विकत आणलंस?"

मामा पारनेर तालुक्यातले. बाजरी, कांदा, आणि पाऊस बरा झाला तर ज्वारी. हरळी आणि कुंदा बांधावरून वावरात घुसू नयेत म्हणून त्यांचे वडील मे महिन्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्यायचे. वर आलेल्या काशा वेचून बांधावर टाकायच्या आणि उन्हात वाळल्या की पेटवायच्या. पुढे मामांनीही तेच केलं. तीच हरळी मी पैसे मोजून, वजनावर विकत आणली होती. ते हसले नाहीत. मला वाटतं, त्यांना माझी काळजी वाटली.

लॉन करायचं म्हणजे काय करायचं, हे त्या संवादात आलंच. शेतकरी जे तण उपटण्यात जन्म घालवतो तेच आपण पीक म्हणून घ्यायचं. आणि ते पीक आहे, शोभेचा गालिचा नव्हे, हे एकदा मनात पक्कं झालं की बाकीच्या गोष्टी सोप्या होतात. (आपल्याकडे 'लॉन्स' म्हटलं की गवतापेक्षा बुफेच आधी डोळ्यांपुढे येतो, हा भाग वेगळा. त्यातल्या कित्येक लॉन्सवर बांधकाम गवतापेक्षा जास्त असतं.)

बागकामाच्या परदेशी पुस्तकांतली चित्रं पाहून बी निवडू नये. ती हिरवळ राय, फेस्क्यू, ब्लूग्रास या थंड हवेच्या गवतांची असते. विम्बल्डनच्या टेनिस कोर्टांवर 2001 पासून निव्वळ राय गवत आहे. ते आठ मिलिमीटरवर कापतात आणि दर वर्षी स्पर्धा संपली की कोर्टं खरवडून पुन्हा बी पेरतात. इंग्लंडमध्ये हे जमतं, कारण या गवतांना पंधरा ते चोवीस अंशांची हवा मानवते. पुण्याच्या एप्रिलमध्ये राय गवत नुसतं करपत नाही, ते उपाशी मरतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखर करणारं पानातलं विकर उन्हाळ्यात गडबडतं. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते ऑक्सिजन पकडू लागतं आणि हाती आलेली साखर वाया जाते. गव्हाची पानं याच जातकुळीची, म्हणून गहू आपण थंडीत घेतो. हरळी, ऊस, ज्वारी, बाजरी, मका यांनी यावर तोड काढली आहे. त्यांच्या पानात आधी एक पंप बसवल्यासारखी सोय असते. कार्बन डायऑक्साइड गोळा करून, दाटी करून मग तो त्या विकरापुढे ठेवला जातो, म्हणजे चूक व्हायला फारशी जागा उरत नाही. त्यामुळे पस्तीस अंशांतही हरळी खुशाल वाढते. मात्र तिला भरपूर ऊन हवं. आंब्याखाली हरळी पेरायचा हट्ट धरू नये. तिथे फरशी घालावी, खुर्ची टाकावी.

मग बीच का? आपल्याकडे बहुतेक लोक लॉनची तयार चटई आणतात. उरुळी कांचनच्या रोपवाटिकांतून टेम्पो भरून येतात, संध्याकाळपर्यंत अंगण हिरवं होतं. घाई असेल तर तेच करावं. पण चटईबरोबर तिथली माती येते, त्या मातीतला लव्हाळा येतो आणि खाली तुमची जमीन आहे तशीच राहते. वरची माती एका जातीची, खालची दुसऱ्या जातीची असली की मुळं त्या सांध्यापाशी घुटमळतात. बियाणं उगवतं ते तुमच्याच मातीत, पहिल्या दिवसापासून. शिवाय स्वस्त पडतं, हे मामांसमोर बोलण्यासारखं कारण.

काही उत्तम जातींचं बी मात्र मिळतच नाही, आणि ते का, याची एक सुरस गोष्ट आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. तिथल्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी साधी हरळी आणि तिची एक बारीक पानांची आफ्रिकी बहीण यांच्या संकरातून नव्या जाती काढल्या. 1960 मध्ये बाहेर आलेली 'टिफवे' ही त्यातली नावाजलेली जात. गोल्फच्या आणि खेळाच्या मैदानांवर ती जगभर गेली. पण तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच आहेत. तिनांची दोन भागांत सारखी वाटणी होत नाही, म्हणून ती वांझ. केळ्याचं जसं, तसंच हिचं. तुकडे लावूनच वाढवायची. याच बर्टन यांनी बाजरीचा नर-वंध्य वाण तयार केला, टिफ्ट 23ए. तो भारतात आला आणि त्याच्या जोरावर 1965 मध्ये आपली पहिली संकरित बाजरी, एचबी-1, शेतात उतरली. हे सांगितल्यावर मामांनी पाकिटाकडे जरा आदराने पाहिलं. संकरित बाजरीने त्यांच्या घरात काय बदललं ते त्यांना ठाऊक होतं. तिचा कर्ता हरळीवाला निघेल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

आता जमीन. माझी जागा साधारण गुंठाभर, म्हणजे शंभर चौरस मीटर आणि वर थोडी. नव्या घराभोवतीची जमीन ही जमीन नसतेच. वर दोन बोटं माती आणि खाली बांधकामाचा राडारोडा. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, पत्र्याच्या पट्ट्या, एक फुटका थापा असं सगळं मी त्यातून काढलं. एप्रिलमध्ये वीतभर खोल खणून ढेकळं तशीच उघडी टाकली. त्या ढेकळांत जुनी गावठी हरळीही होती, तीही वेचून काढली. मामा म्हणाले, "म्हणजे हरळी काढायची आणि हरळी पेरायची." हो, तसंच. गावठी हरळीचं पान रुंद आणि पेर लांब. ती मध्ये राहिली तर हिरवळीत ठिगळ दिसतं.

हरळी उन्हात मरते, लव्हाळा मरत नाही. महापुरात वाचणारं म्हणून तुकोबांनी ज्याचं उदाहरण दिलं तोच हा. तो खुरप्यापुढेही वाचतो. जमिनीखाली त्याच्या गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरची गाठ वाढत असते तोवर खालच्या झोपलेल्या. तुम्ही वरचं रोप उपटलंत की माळ तुटते आणि खालच्या जाग्या होतात, एकाचे चार. म्हणून तो उपटायचा नाही, खणून माळेसकट काढायचा, आणि एकदा काढून संपत नाही हे धरून चालायचं. पारदर्शक प्लास्टिक अंथरून महिना-दीड महिना माती तापवण्याची एक पद्धत इस्रायलमध्ये 1970 च्या दशकात रूढ झाली. तिने वरच्या थरातलं तणांचं बी आणि रोगकारक बुरशी चांगली मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठींवर तिचा फारसा इलाज चालत नाही.

तणांच्या बियांसाठी मला मामांचीच युक्ती जास्त पटली. जमीन तयार करायची, पाणी द्यायचं आणि पेरायचं नाही. आठ-दहा दिवसांत गाजरगवतापासून घोळीपर्यंत जे काही मातीत दबा धरून बसलेलं असतं ते वर येतं. मग खोल न खणता वरच्या वर खरवडून टाकायचं, कारण खोल खणलं की खालचं नवं बी वर. पुन्हा पाणी, पुन्हा तेच. शेतकरी पेरणीआधी कुळवाची पाळी घालतो ती याचसाठी. दोन पाळ्यांनी पुढची दोन वर्षांची खुरपणी वाचते. पण इथेच सगळ्यांचा धीर सुटतो, कारण हातात पाकीट असतं.

काळ्या मातीत थोडी वाळू मिसळली की ती भुसभुशीत होते, हा एक लाडका गैरसमज आहे. चार घमेली वाळूने काळी माती सुधारत नाही. चिकणमातीत वाळू रुतून बसते आणि सुकल्यावर जवळपास वीट तयार होते. वाळूने फरक पडायचा तर मातीच्या बरोबरीने किंवा जास्तच वाळू लागेल. हिशेब करून पाहा: गुंठ्यावर पंधरा सेंटिमीटरचा थर म्हणजे सव्वापाच ब्रास. एवढे पैसे आणि एवढी वाळू असेल तर जरूर. नाहीतर चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडा पोयटा. 'कुजलेलं' हा शब्द इथे महत्त्वाचा. कच्च्या शेणखतात गुराच्या पोटातून धडधाकट बाहेर पडलेलं तणाचं बी असतं, आणि हुमणीही असू शकते. तिला गवताची मुळं अतिशय आवडतात.

उतार घराकडून बाहेर, मीटरला एखादा सेंटिमीटर. गवंड्याच्या लेव्हल पाइपने तो सहज निघतो. त्यानंतर माती दाबून बसवणं, आणि याला शहरी माणूस बिचकतो. बी भुसभुशीत मातीत पडावं असं त्याला वाटतं. पण खाली पोकळ्या राहिल्या तर पहिल्या पावसात जागोजागी खड्डे पडतात आणि बीला ओल मिळत नाही. मामांनी फळी फिरवली, मग आम्ही दोघं टाचेवर भार देत, बदकासारखे, पूर्ण गुंठाभर चाललो. शेजारच्या गच्चीवरून हे कसं दिसलं असेल त्याचा विचार तेव्हा केला नाही. टाच अर्ध्या बोटाहून जास्त रुतली नाही म्हणजे झालं. मग दंताळ्याने वरची दोन-तीन मिलिमीटर माती मोकळी करून घ्यायची.

हे सगळं वापशावर. चिखलात पाऊल टाकलं तर माती घट्ट होऊन बसते, आणि कोरडी असेल तर ढेकूळ फुटत नाही. मूठभर माती दाबून गोळा करावा, कमरेच्या उंचीवरून सोडावा. पडून फुटला तर वापसा आला. तसाच राहिला तर घरात जाऊन चहा घ्यावा.

पेरणीची वेळ मी पहिल्यांदा चुकलो. मृगाचा मुहूर्त, सगळा महाराष्ट्र पेरतो तेव्हा आपणही पेरावं म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरलं. चौथ्या दिवशी तासभर असा कोसळला की बी वाहून खालच्या कोपऱ्यात जमलं. पंधरवड्याने त्या कोपऱ्यात अस्वलाच्या पाठीवरच्या केसांसारखी दाट हिरवळ आणि बाकी सगळीकडे माती. त्या दाटीतही बुरशी शिरली आणि रोपं बुडाशी पाणावून आडवी झाली. शेतकऱ्याला मृग साधतो, कारण त्याचं बी खोल असतं. हरळीचं बी पृष्ठभागावर असतं, त्याला तो मुहूर्त चालत नाही. आता मी दोनच वेळा सांगतो: फेब्रुवारीअखेर, पाणी हाती असेल तर, नाहीतर गणपतीच्या आगेमागे, पावसाचा जोर ओसरलेला, माती उबदार आणि ऊन परतलेलं असताना. हरळी म्हणजे दूर्वाच, तेव्हा दूर्वांच्या दिवसांत दूर्वा पेरायच्या.

बी किती? हरळीचे दाणे किलोला साधारण चाळीस लाख भरतात. ज्वारीच्या एका दाण्याच्या वजनात हरळीचे शंभरावर दाणे बसतील. टरफल काढलेलं बी असेल तर चौरस मीटरला पाच ग्रॅम पुरतात. म्हणजे गुंठ्याला अर्धा किलो, आणि दाणे मोजले तर वीस लाख. नखाएवढ्या जागेत दोन. सगळे उगवणार नाहीत, पण हरळी धावती आहे, मधली जागा ती स्वतः भरते. इंग्लंडचं राय गवत जागच्या जागी झुपका धरतं, म्हणून त्याला चौरस मीटरला पंचवीस-तीस ग्रॅम लागतात. त्यांची आकडेवारी वाचून हरळी दाट पेरणारे लोक मी पाहिले आहेत. त्या कोपऱ्यातल्या अस्वलाच्या पाठीचं जे झालं तेच त्यांच्या सगळ्या लॉनचं होतं. टरफलासकट बी थोडं स्वस्त असतं, पण ते उगवायला जास्त दिवस घेतं.

बी जुनं आहे का, यासाठी नुसत्या पाकिटावर विसंबू नये. सोयाबीनसाठी शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून पाहतो, तसंच इथे करावं. ओल्या कागदावर शंभर दाणे मोजून ठेवायचे, झाकायचे, उबदार जागी दोन आठवडे पाहायचं. मोजताना डोळे दुखतात, पण चाळीसच उगवले तर बी दुप्पट घ्यायचं की परत करायचं हे घरबसल्या ठरतं.

पेरताना बीचे दोन भाग करायचे. प्रत्येकात चार-पाचपट कोरडी वाळू मिसळायची, कारण एवढं बारीक बी हाताला कळत नाही. सुतळीने जागेचे दहा-दहा चौरस मीटरचे चौकोन आखले तर फारच उत्तम. एक भाग उभा फोकायचा, दुसरा आडवा. वारा पडलेला असताना, म्हणजे सकाळी लवकर. मग दंताळं उलटं धरून हलकेच फिरवायचं आणि वरून चाळलेलं खत इतकंच भुरभुरवायचं की खालचं बी अर्धंमुर्धं दिसत राहील. पाव मिलिग्रॅमच्या दाण्यात शिदोरी किती असणार? गव्हाचा कोंब दोन इंचांखालून वर येतो, कारण दाण्यात तेवढं पिष्ट असतं. हरळीचा कोंब अर्ध्या सेंटिमीटरच्या खाली गेला की बहुतेक अंधारातच संपतो.

बी उघडं ठेवलं की गिऱ्हाइकं येतात. होले, मुनिया आणि मुंग्या. मुंग्यांचं पुण्यात जुनं प्रकरण आहे. 1829 च्या जूनमध्ये कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी पुण्याच्या परेड मैदानाजवळ सकाळी फिरत असताना त्याला गवताच्या बियांच्या मूठमूठभर ढिगल्या दिसल्या. मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून पावसाने भिजलेलं बी वर आणून वाळत घालत होत्या. त्याने त्या मुंगीला 'प्रोव्हिडन्स' म्हणजे दूरदर्शी असं नाव दिलं, आणि 1835 मध्ये ते वर्णन छापून आलं. धान्य साठवणाऱ्या मुंग्या ही प्राचीन ग्रंथांतली दंतकथा आहे असं तेव्हा युरोपात अनेकांना वाटत होतं. माझ्या अंगणातल्या मुंग्या तिच्याच वंशातल्या होत्या की नाही कोण जाणे, पण दुसऱ्या पेरणीच्या सकाळी तुळशीवृंदावनापासून एक शिस्तीची रांग निघालेली दिसली. मामांनी वारुळाशी मूठभर बाजरीची कणी टाकली. "त्यांचं पोट भरलं की त्या येत नाहीत," म्हणाले. दुपारपर्यंत त्यांनी कणीही नेली आणि बीही नेलं.

पुढचे पंधरा-वीस दिवस एकच काम: वरचा थर सुकू द्यायचा नाही. कोरडं बी वाट पाहू शकतं, महिनेच्या महिने. पण एकदा पाणी पिऊन फुगलं, आत विकरं कामाला लागली, मूळ बाहेर पडलं की परतीची वाट बंद. त्या अवस्थेत एक दुपार कोरडी गेली तर ते मेलं. म्हणून सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी देण्यापेक्षा दिवसातून तीन-चारदा बारीक तुषार बरे. नळीला बोट लावून मारलेली धार नको, तिने जूनच्या पावसाचंच काम होतं. झारी उत्तम. उन्हाच्या दिवसांत गुंठ्यावर दिवसाला पाच मिलिमीटर पाणी म्हणजे पाचशे लिटर, हाही आकडा पेरण्याआधीच डोळ्यांसमोर असावा. टँकरच्या गावात लॉन करू नये, असं माझं मत आहे, आणि ते मी लॉन असलेल्या माणसाच्या निर्लज्जपणाने सांगतो. जमलेली हरळी पाण्याविना पिवळी पडते, मरत नाही. उन्हाळ्यात तिला पिवळी राहू द्यावी.

आठव्या दिवशी काही दिसलं नाही. नवव्या दिवशी पहाटे जमिनीला गाल लावून उजेडाकडे पाहिलं तर पोपटी धूसर काहीतरी. उभ्याने पाहिलं की नाहीसं व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात ते उभ्यानेही दिसू लागलं, आणि मोकळी टकलंही दिसू लागली. तिथे नांग्या भरल्या.

पाती दोन इंचांच्या वर गेली की पहिली कापणी. इथे जीव कचरतो, एवढ्या कष्टाने आणलेलं कापायचं? पण गवताचा वाढीचा कोंब टोकाला नसतो, बुडाशी मातीलगत असतो. लाखो वर्षं चरणाऱ्या जनावरांनी खाल्ल्याचा हा परिणाम असावा. शेंडा गेला की बुडातून फुटवे निघतात आणि धावत्या फांद्या आडव्या पळतात. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नये, आणि पात्याला धार असावी. गवत कापण्याचं यंत्र स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगने 1830 मध्ये पेटंट केलं. त्याला ते सुचलं लोकरी कापडावरची लव छाटणाऱ्या गिरणीच्या यंत्रावरून. त्याआधी हिरवळ राखायची तर विळा-कोयतेवाले गडी लागायचे किंवा मेंढ्या. मी पहिली कापणी विळ्याने केली, मामांच्या देखरेखीखाली. कापलेल्यातून शेजारच्या काकूंनी संकष्टीसाठी एकवीस जुड्या निवडून नेल्या.

पुढच्या खेपेला मामा मार्चमध्ये आले तेव्हा गुंठा भरला होता. त्यांनी चपला काढून दोन फेऱ्या मारल्या, काही बोलले नाहीत. मग कडेच्या वाफ्याशी जाऊन बसले. हिरवळीतून एक धावती फांदी विटा ओलांडून टोमॅटोत शिरली होती आणि पेरापेराला मुळं धरत होती. महिन्यातून एकदा कडेने कुदळीचा काप घ्यावा लागतो हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. मामांनी खुरपं मागितलं, फांदी मुळासकट काढली, झटकली आणि सवयीने बांधावर टाकायला म्हणून इकडेतिकडे पाहू लागले.